खेकड्याचा भाव

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये वर्षातून एकदा तरी कोळंबीवरून वाद पेटतो. निमित्त कुणाच्या तरी डब्याचे असते. आम्ही कोकणातले शाफई, आणि नोकरीसाठी मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेले सहकारी हनफी. हनफी फिकहप्रमाणे पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा हलाल. तेव्हा सगळा प्रश्न असा की, झिंगा हा मासा आहे की नाही? जुन्या अरबी कोशकारांनी त्याला मासा म्हटले म्हणून काही उलमा मुभा देतात, काही टाळा म्हणतात. विज्ञानाच्या सरांना विचारले तर ते सांगतात, झिंगा मासा नव्हे, तो कवचधारी संधिपाद. मग ज्यांना तो खायचा असतो ते विज्ञान सोडून पुन्हा कोशाकडे वळतात आणि तोवर मधली सुट्टी संपते.

खेकड्याच्या बाबतीत हनफींचा प्रश्न लगेच मिटतो. आमचा मिटत नाही, हे पुष्कळ कोकणी मुसलमानांना ठाऊकही नसते. इमाम नववींच्या ‘मिनहाज’मध्ये पाण्यात आणि जमिनीवर अशा दोन्ही ठिकाणी जगणाऱ्या जीवांत बेडकाच्या बरोबरीने खेकड्याचेही नाव आहे, आणि ते निषिद्धांमध्ये आहे. दुसरी बाजू अशी की खेकडा मूळचा पाण्याचाच, कल्ल्यांनी श्वास घेणारा, कल्ले ओले असेपर्यंतच बाहेर तगणारा. सबब तो समुद्राच्या शिकारीत मोडतो आणि समुद्राची शिकार सूरह मायदाने हलाल केलेली आहे. आमच्या स्वयंपाकघरांनी या वादाचा निकाल फतव्याची वाट न बघता कधीच देऊन टाकला आहे. खोबऱ्याच्या वाटणात.

या वादांचा मला कंटाळा नाही. उलट मजा वाटते. पण गेल्या काही दिवसांत एक गोष्ट टोचू लागली आहे. खेकडा पाण्याचा की जमिनीचा, यावर आपल्याकडे शेकडो वर्षे काथ्याकूट झाला. तो कितीला घेतला, कुणाच्या पैशाने घेतला, आणि त्या वेळी आणखी कुणाला त्या पैशाची गरज होती, हे ताटावर बसताना कोणी विचारत नाही. कुरआनात हलालच्या जोडीला तय्यब हा शब्द येतो. हलालवर आम्ही वर्षभर भांडतो. तय्यब तसाच राहून जातो.

२०२५ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी अम्मीला घेऊन सिंगापूरला गेले. भाईजान तिथे चौदा वर्षे आहेत. तुआसच्या बाजूला जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डर म्हणून लागले, आता सुपरवायझर आहेत. भाभी आणि मुले रत्नागिरीतच असतात. तिकिटे भाईजाननी काढली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, “आज अम्मीला खेकडा खिलवायचा आहे. तयार राहा.”

आम्ही जातीने दालदी. भाट्याच्या खाडीकाठचे. आम्हाला कोणी खेकडा खिलवायला नेतो, ही कल्पनाच अम्मीला गमतीची वाटली. “खेकडा खायला इतक्या लांब?” एवढेच म्हणाली आणि हज कमिटीच्या वेळची आपली चांगली चादर ओढून निघाली.

हॉटेल पाण्याच्या काठाला होते. अम्मीने आधी दारावरचे ‘मुईस’चे, म्हणजे तिथल्या इस्लामी परिषदेचे, हलाल प्रमाणपत्र मला मोठ्याने वाचायला लावले. आत काचेच्या मोठमोठ्या टाक्या. त्यांत हिरवट काळे खेकडे, नांग्या दोरीने बांधलेल्या, एकमेकांवर चढत होते. तो आपल्याच खाडीतला चिखलातला खेकडा, कांदळवनात बिळ करून राहणारा. वेटर म्हणाला, श्रीलंकेचा आहे. सिंगापूर आपल्या खाण्यापिण्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त बाहेरून आणते, तेव्हा खेकडा तरी तिथला कुठून असणार! श्रीलंकेतून येतो, इंडोनेशियातून येतो, आपल्या देशातूनही जिवंत जातो. ओलसर ठेवला की पाण्याबाहेर काही दिवस तगतो, म्हणून त्याला विमानाने पाठवता येते. नववींच्या काळात त्याचे जे लक्षण वादाचे कारण झाले, त्यावरच आज त्याचा व्यापार उभा आहे.

मेनूकार्डावर सगळ्याचे भाव छापलेले होते, खेकड्यापुढे मात्र ‘हंगामी दर’. विचारल्यावर वेटरने सांगितले, किलोला शंभर डॉलर. म्हणजे त्या दिवसांच्या हिशेबाने साडेसहा हजार रुपये. मी मनात गुणाकार करीत होते आणि भाईजान टाकीकडे बोट दाखवून सव्वा किलोच्या आसपासचे दोन निवडत होते.

इथे जरा थांबते. माल ठरला पण किंमत ठरली नाही, असा सौदा फिकहमध्ये सदोष धरतात. त्याला गरर म्हणतात, अंधारातला व्यवहार. मला ही बाब कोरडी, किताबी वाटायची. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरच्याच एका हॉटेलात एका जपानी पर्यटक बाईंनी अलास्काचा मोठा खेकडा मागवला. दर शंभर ग्रॅमचा आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही. साडेतीन किलोच्या त्या एका खेकड्याचे ९३८ डॉलर लागले आणि त्यांनी पोलिसांना बोलावले. हॉटेलवाल्यांचे म्हणणे, आम्ही सांगितले होते. बाईंचे म्हणणे, मला समजले नव्हते. दोघेही खरे बोलत असतील. सांगणे आणि समजणे यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यासाठीच तर फुकहांनी एवढी पाने खर्च केली. वर्गात शिकवताना मलाही ही फट रोज दिसते.

आम्हाला मात्र दर सांगितला होता आणि समजलाही होता. तेव्हा गररचा प्रश्न नव्हता. प्रश्न दुसराच होता आणि तो माझ्या पर्समध्ये होता. निघायच्या आधी चाचांनी दिलेली चिठ्ठी.

चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ. अजून खाडीत जातात. गोल कड्याला जाळी बांधायची, मध्ये माशाचे डोके अडकवायचे, भरतीला सोडून ठेवायचे. ओहोटीला बिळात लोखंडी आकडा घालून काढायचे. अमावास्येचा खेकडा भरलेला, पौर्णिमेचा पोकळ, हे त्यांचे पंचांग. मोठा खेकडा असला आणि दोन्ही नांग्या शाबूत असल्या तर व्यापारी किलोला हजाराच्या आसपास देतो. एक नांगी तुटली की भाव निम्म्यावर. म्हणून पकडल्या पकडल्या त्याला बांधायचे, हे सगळ्यांत महत्त्वाचे काम, आणि ते चाचांसारखे कोणाला जमत नाही. त्यांच्या होडीचे इंजिन दोन महिने बंद पडले होते. दुरुस्तीला पंचवीस हजार लागणार होते. चिठ्ठीत आकडा नव्हता, फक्त इंजिनाचे नाव आणि मेकॅनिकचा फोन. भाईजाननी ती पहिल्याच दिवशी वाचली, घडी घातली आणि “बघू” म्हणाले.

चिली क्रॅब आला. मोठ्या ताटात लालभडक रश्शात बुडालेला, सोबत तळलेले गोड पाव. हा पदार्थ फार जुना नाही. १९५६ च्या सुमारास कलांग नदीकाठी हातगाडीवर एक बाई विकू लागली, तिथून तो सुरू झाला, असे सांगतात. वेटरने आमच्या गळ्यात प्लॅस्टिकचे एप्रन बांधले. अम्मीला ते अडकित्त्यासारखे हत्यार दिले. तिने ते बाजूला ठेवले. पायाचे एक पेर दाताने मोडले, दुसऱ्या पेराने आतले मांस ढकलून बाहेर काढले, आणि रिकामी नळी ताटाच्या कडेला ठेवली. पलीकडच्या टेबलावरचे लोक बघत होते. ते नांग्या खाऊन पाय तसेच टाकत होते.

“अमावास्येचा नाही,” अम्मी म्हणाली. “आणि मीठ कमी आहे.”

मी खात होते, आणि खाता खाता बोललेही. बोलायला नको होते असे आज वाटते. तेव्हा वाटले नाही. म्हटले, “भाईजान, हे दोन खेकडे आणि चाचांचे इंजिन, हिशेब जवळपास सारखाच होईल.”

ते काही वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात, अम्मीला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, “२०२० ला आम्ही डॉर्मिटरीत बंद होतो. एका खोलीत बारा माणसे. एप्रिलपासून पुढे महिनोन्महिने बाहेर पाऊल नाही. जेवण डब्यातून यायचे, थंड. रोज कोणाला तरी उचलून न्यायचे. तेव्हा मी ठरवले होते, यातून निघालो तर अम्मीला इथल्या सगळ्यांत महागड्या हॉटेलात खेकडा खायला घालीन. नांगी तिच्या ताटात वाढीन. तुला आठवते का, आपल्या घरात नांगी अम्मीने कधी खाल्ली?”

मला आठवेना. आठवेना म्हणजे, तसे कधी झालेच नव्हते. नांग्या अब्बांना, चाचांना, मग भाईजानला, उरलीच तर मला. अम्मी पाय चोखायची. तिला पाय आवडतात अशीच आमची समजूत होती. त्या दिवशी तिच्या ताटात दोन मोठ्या नांग्या होत्या आणि ती आधी पायच खात होती.

फिकहवाले म्हणतील, ही मन्नत नव्हेच. मन्नत इबादतीची असते, खेकड्याची नसते. त्या रात्री मलाही भाईजानशी वाद घालण्यासाठी असे बरेच मुद्दे सुचत होते.

पीटर सिंगर नावाच्या ऑस्ट्रेलियन विचारवंताचा १९७२ चा एक गाजलेला निबंध आहे. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, त्या काळात लिहिलेला. त्याचा दाखला साधा आहे. उथळ तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे चिखलाने खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना? मग दूर देशात मूल मरत असताना चैनीवर पैसा खर्च करणे हे वेगळे कसे? अंतराने कर्तव्य कमी होत नाही, असे त्याचे म्हणणे. हा निबंध मी वाचला तेव्हा मला आपले हजरत अबू जर गिफारी आठवले. जकात दिली की उरलेली दौलत पाक झाली, असे मानणाऱ्यांशी त्यांचे पटले नाही. गरजेपेक्षा जास्त साठवून ठेवणे हाच गुन्हा, असे ते शाममध्ये अमीर मुआवियांच्या तोंडावर सांगत राहिले. शेवटी मदिनेपासून दूर, रबजाच्या उजाड माळावर त्यांचे आयुष्य संपले. उम्मतने त्यांचा आदर केला, पण कायदा त्यांच्या मताने केला नाही. कायदा अडीच टक्क्यांचाच राहिला.

का राहिला? मला वाटते, अडीच टक्के देता येतात आणि मोजता येतात. अबू जर यांची अट पाळायला अबू जर असावे लागते. पण म्हणून अडीच टक्के दिले की सगळे फिटले, असेही नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टीची, तबजीरची, मनाई येते ती एकटी येत नाही. त्याच आयतीत आधी नातलगाचा, मग मिस्कीनाचा आणि मुसाफिराचा हक द्यायला सांगितले आहे. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. किती खर्च केला म्हणजे उधळपट्टी, याचा आकडा तिथे नाही. कुणाचा हक आधी होता, एवढे विचारलेले आहे. या मापाने सत्तावीस हजारांचे जेवणही निर्दोष असू शकते आणि सत्तावीस रुपयांचा वडापावसुद्धा दोषी ठरू शकतो.

हे मी भाईजानना दुसऱ्या दिवशी बसमध्ये सांगितले. जरा मास्तरकीच्या सुरात सांगितले असेल. ते म्हणाले, “हक ठरवणार कोण? मागणारा? मोहल्ल्यातल्या मशिदीच्या पत्र्याला मी दिले. फुफूच्या मुलाच्या आयटीआयच्या फीला दिले. तुझ्या बी.एड.ला दिले. चाचांच्या याआधीच्या इंजिनालाही मीच दिले. चौदा वर्षांत मी इथे स्वतःच्या पैशाने हॉटेलात किती वेळा बसलो, विचार. कालची पहिली वेळ.”

बिल ४१२ डॉलर झाले होते. खेकड्याशिवाय एक मासा, भाजी, भात. टेबलावर आपणहून आणून ठेवलेल्या शेंगदाण्यांचे आणि ओल्या नॅपकिनांचेही पैसे लावले होते. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क, त्या सगळ्यावर नऊ टक्के कर. सुमारे सत्तावीस हजार रुपये. खाडीतल्या हजाराचे साडेसहा हजार कसे होतात हेही मी त्या बिलावर बसून मांडून पाहिले. वाटेत मरणारे खेकडे, विमान, टाक्यांचे खारे पाणी, जागेचे भाडे, आचारी, एप्रन बांधणारा तो मुलगा. प्रत्येक पायरीवर कोणीतरी काम करतो आहे. लुटारू असा एकही सापडला नाही. तरी पहिल्या पायरीवरच्या माणसाचे इंजिन बंद पडलेले, हे उरतेच.

सिंगरच्या तळ्यात एक मूल आहे आणि काठावर एक माणूस आहे. खराब होतात ते नुसते कपडे. त्या कपड्यांना कोणाची आठवण चिकटलेली नाही. आमच्या टेबलावर चैन आणि कर्तव्य असे दोन वेगळे ढीग मला करता येईनात. आईच्या ताटात तीस-चाळीस वर्षांनी नांगी वाढणे ही चैन म्हणायची का? आणि ते चैन नसेल, तर तीच नांगी भाईजानच्या खोलीवर, बाजारातून आणून, चौथ्या हिश्शात शिजवता आली नसती का? हे मी विचारले नाही. उत्तर मला माहीत होते. शिजवता आली असती, पण ती अम्मीनेच शिजवली असती आणि मग पुन्हा पायच खाल्ले असते. तिला कोणीतरी वाढायला हवे होते. त्या वाढण्याचे चारशे डॉलर पडले.

उर्दूच्या तासाला मी मुलांना क़ीमत आणि क़द्र यांतला फरक शिकवते. दोन्ही शब्द मराठीतही आले आहेत, किंमत आणि कदर. मुले पटकन सांगतात, किंमत बाजारात होते, कदर मनात होते. पूर्ण गुण मिळतील असे उत्तर. पण मराठीला तिसराही एक शब्द आहे, भाव, आणि तो दोन्हीकडे चालतो. बाजारातही भाव, मनातही भाव. हा शब्द माझ्या उत्तरपत्रिकेत कुठे बसवायचा ते मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

आता माझ्याविषयी. परतीच्या आदल्या दिवशी आम्ही मुस्तफा सेंटरमध्ये गेलो. मी माझ्या पगाराच्या पैशातून अत्तर घेतले, दोन घड्याळे, भाचीला बाहुली, स्वतःला एक बरी पर्स. हिशेब अठरा हजारांवर गेला. घरी येऊन सामान उघडताना जुन्या पर्समधल्या चिठ्ठीची घडी सापडली आणि तेव्हा कुठे मला जाणवले की चाचांची मागणी माझ्याकडे आहे असे मला एकदाही वाटले नव्हते. मी अनुदानित शाळेत कायम शिक्षिका आहे. महिन्याच्या महिन्याला पगार होतो. भाईजानच्या पैशावर चाचांचा, मशिदीचा, फुफूच्या मुलाचा, सगळ्यांचा हक, कारण ते परदेशात आहेत आणि पुरुष आहेत. माझा पगार मात्र मुलीचा पगार. त्याला कोणी हात लावत नाही. चाचा मला कधीच मागणार नाहीत, त्यांना शरम वाटेल. ही सवलत मला किती सोयीची होती! तिच्या आडोशाला बसून मी भाईजानना सूरह बनी इस्राईल ऐकवली.

मी चाचांना दहा हजार नेऊन दिले. भाईजाननी पुढच्या महिन्यात पंधरा पाठवले. चाचांनी माझे दहाही त्यांच्याच नावावर धरले. “पोराने दोनदा पाठवले,” असे ते सगळ्यांना सांगतात. मी दुरुस्त केले नाही. हा माझा मोठेपणा नव्हे. सांगितले असते तर त्यांनी ते परत केले असते.

इंजिन सुरू झाल्यावर एका संध्याकाळी मी खाडीवर गेले होते. चाचा होडीत बसून टोपली आवरत होते. म्हणाले, “तुम्ही तिथे खेकडा खाल्ला म्हणे. तुझी अम्मी सांगत होती.”

“हो.”

“केवढा होता?”

“सव्वा किलोचा.”

त्यांनी मान डोलावली. आता भाव विचारतील म्हणून मी मनात एक आकडा तयार केला, खऱ्यापेक्षा कमी. त्यांनी भाव विचारला नाही.

“बांधला कशाने होता?” त्यांनी विचारले. “सुंभाने की प्लॅस्टिकच्या दोरीने?”

मी सांगितले, प्लॅस्टिकच्या. निळ्या.

“प्लॅस्टिकने नांगी घासते,” ते म्हणाले, आणि टोपलीतला एक उचलून, पायाच्या अंगठ्याखाली दाबून, मला गाठ कशी मारायची ते दाखवू लागले.